झेंडूच्या हाराखाली

परातीत बोट बुडवून रणधीरनं ते माझ्या नाकापुढं धरलं आणि म्हणाला, "वास घे. ह्याला म्हणतात मेलेलं तेल."

वास मुद्दाम घ्यायची गरजच नव्हती. ड्यूटीवरून येऊन अंगणात पाऊल टाकल्यापासून तो माझ्या घशात जाऊन बसला होता. सडक्या बोंबलावर रॉकेल ओतावं तसा. परातीत मोटारसायकलीतून काढलेलं काळपट करड्या रंगाचं दाट पाणी होतं, त्यावर चमक होती, आणि त्यात दोन वायसर, एक क्लिप आणि बुडून मेलेला एक मुंगळा. परात माझी होती. रोज सकाळी जिच्यात मी कणीक मळायची, ती.

"अहो, परात घेतली?"

"मग काय जमिनीवर सांडू? आई हो म्हणाली."

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायची, सोप्याच्या उंबऱ्यावर बसून झेंडूची फुलं निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घासून घेतली की झालं," त्या म्हणाल्या. "तू कशाला इकडनं येतीस? परसातनं जा. दिवस कसलं हाईत, कळत न्हाई व्हय?"

सकाळीच मला पाळी आली होती. नवरात्रातली अष्टमी आणि सुनेला कावळा शिवलेला, म्हणजे त्या घरात माझी किंमत दाराबाहेरच्या चपलेइतकी. देवघर बंद, स्वयंपाकघर बंद, सोप्यातून येणं-जाणं बंद. मेलेलं तेल कणकेच्या परातीत चालत होतं. मी चालत नव्हते. तरी मी गुमान परसात गेले, कारण तेव्हा मी सगळं गुमानच करायची.

ह्याला सात वर्षं झाली. तेव्हा मी रणधीरला अहो-जाहो करायची, चारचौघांत नाव घ्यायला लाजायची. आता नावानं लिहिते आणि मला काहीही होत नाही.

आमचं घर मलकापुरात, शाहूवाडी तालुक्याच्या गावी. मी वनरक्षक. माझ्याकडं केळोबाच्या डोंगराची बीट, म्हणजे राखायचा टापू, होती, घरापासून बावीस किलोमीटर. स्कूटर त्या रस्त्याला टिकत नाही म्हणून मी मोटारसायकल घेतली होती, माझ्या नावावर, माझ्या पगारातून. बाई मोटारसायकलीवर म्हणून आधी लोक हसले, मग सवय झाली. केळोबाच्या उताराला अकरा वळणं आहेत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बारीक खडी. तिथं पुढचा ब्रेक म्हणजे जीव, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

पंधरा दिवसांपासून गाडीचे पुढचे शॉकअप गळत होते. खड्ड्यात चाक गेलं की तेल बाहेर यायचं, पाइपावरून ओघळत खाली जायचं, आणि पुढच्या ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क, ज्या बाजूला असते तिकडचा शॉकअप तर इतका गळायचा की दोन दिवसांनी फडक्यानं पुसावं लागायचं. आतलं रबरी सील गेलं होतं. दस्तगीर मिस्त्रीनं बघताक्षणी सांगितलं, "म्याडम, अर्ध्या दिवसाचं काम हाय. सोडून जावा." पण रणधीरचं आणि दस्तगीरचं वाकडं होतं. रणधीरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं त्या दिवसांत दस्तगीर चारचौघांत गमतीनं म्हणाला होता, "साहेब, मोबाइल उघडणं येगळं आन गाडी उघडणं येगळं." तेवढं ह्याच्या जिव्हारी लागलं. दुकान बंद पडलं ते लागलं नाही, हे लागलं.

दुकानानंतर कोंबड्या झाल्या, कोंबड्यांनंतर मोबाइलवर व्हिडिओचं चॅनल निघालं. 'रणधीरची कार्यशाळा'. त्र्याहत्तर लोक बघायचे, त्यातले साठ भावकीतले. घरच्या घरी शॉकअपचं सील कसं बदलायचं, हा त्याचा नवा भाग होता. नवीन सिलांची जोडी त्यानं कोल्हापुराहून आणली. पाने, पक्कड, हातोडा, सगळं पोत्यावर मांडलं. गाडीचं पुढचं चाक काढून तिला दाव्यानं सोप्याच्या तुळईला बांधलं आणि मोबाइल जात्यावर टेकवून तो सुरू झाला, "नमस्कार मित्रांनो."

परसदारातून मला सगळं दिसत होतं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी त्याचं थोडं बरंही वाटलं होतं. आळशी माणूस हातात पाना घेऊन बसला की बायकोला आशा वाटते. आशेसारखी वेडी गोष्ट नाही.

पण मला दसऱ्याला गाडी हवी होती, आणि धड हवी होती. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतात ना, त्यासाठी लोक डोंगरात कोयते घेऊन शिरतात आणि झाडं बोडकी करून टेम्पो भरतात. त्या दिवशी प्रत्येक वनरक्षकानं उजाडता आपापल्या बीटवर हजर राहायचं, असा साहेबांचा हुकूम होता.

म्हणून अष्टमीच्या संध्याकाळी मी परसदारातूनच विचारलं, "उद्या रात्रीपर्यंत होईल का? नाहीतर तसं सांगा. पहाटेची एसटी आहे, खालच्या वाडीत उतरून चालत जाईन वर."

"एस्टीनं? घरात मिस्त्री असताना?"

"तसं नाही. पण जमलं नाही तर जमलं नाही म्हणून सांगा. मला काही वाटणार नाही."

"विजू," तो म्हणाला, विजयमालाचं विजू तो खुशीत असला की करायचा, "तुझ्या त्या दस्तगीरला तोंडात बोट घालायला लावतो का नाही बघ."

नवमीला सकाळपासून ठोकाठोकी चालू होती. एक सील बसलं, तेव्हा मोबाइलपुढं मोठ्यानं जयघोष झाला. मग दुसऱ्याची ठोकाठोकी. मग एकदम शांतता, मग एक गलिच्छ शिवी, आणि मग मोबाइल बंद केल्याचा आवाज. थोड्या वेळानं तो शर्ट घालून बाहेर पडला आणि अर्ध्या तासात रिकाम्या हातानं आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"काही न्हाई. ग्रीस बघायला गेलतो. आज शटरं बंद हाईत सगळ्यांची. चालतंय त्याच्यावाचून."

"दोन्ही सिलं बसली का?"

"बसली की. कंपनीत बसवतात तशी."

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. पण नवरा-बायकोत असं रोजच होतं, त्याचं कोण काय मनावर घेतं.

नवमी म्हणजे खंडेनवमी. घरातली हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊन पुजायच्या. दुपारपर्यंत गाडी चाकावर उभी राहिली, धुतली, पुसली, आणि मग रणधीरनं मोबाइल परत सुरू केला. गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. हँडलला एक हार घातला आणि पुढच्या दोन्ही शॉकअपना झेंडूचे दोन दाट हार गुंडाळले, वरून खालपर्यंत, वर दोऱ्यानं आवळून. एवढे हार मी कधी कुणाच्या गाडीला बघितले नव्हते. आत्या कौतुकानं म्हणाल्या, "नवरीवाणी नटवलीस की रं."

मी माझ्याच गाडीपासून दहा हात लांब, पेरूच्या झाडाखाली उभी होते. निदान हात जोडावेत म्हणून दोन पावलं पुढं आले तर आत्या कडाडल्या, "तिथंच ऱ्हा! पूजा बाटवतीस काय?"

"आई, जाऊ दे," रणधीर म्हणाला, आणि मग मला, "पण हात लावू नको हं गाडीला. आजच्या दिवस."

म्हणजे आज विटाळ आणि उद्या पहाटे त्याच गाडीवर बसून बावीस किलोमीटर जायचं, तेव्हा विटाळ नाही. पगाराला विटाळ लागत नाही, हे मी त्या घरात कधीच समजून चुकले होते.

पहाटे मी गणवेश घालून गाडी बाहेर काढली. एरवी मी जाताना हा अंथरुणात असायचा. त्या दिवशी उठून अंगणात आला. डोळे सुजलेले, केस उभे.

"एक सांगायचं हुतं," तो म्हणाला. "हार काढू नको. पूजेचा हाय. आपोआप वाळून पडू दे."

"बरं."

"आणि उतारावर पुढचा ब्रेक दाबू नको. मागचाच मार."

"का?"

"सीलं नवीन हाईत ना. दोन दिवस बसू द्यायची असतात. सगळे मिस्त्री सांगतात."

मी हो म्हणाले. मला बरंच वाटलं. नवऱ्यानं पहाटे उठून बायकोला जपून जा म्हणून सांगावं, असं लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. मी चढावर गाडी घातली तेव्हा चक्क गुणगुणत होते.

बीटवर काम चांगलं झालं. एक टेम्पो परत पाठवला, चार पोरांचे कोयते काढून घेतले, एका म्हातारीला म्हटलं, घ्या आजी ओंजळभर, फांदी मोडू नका. अकराच्या सुमाराला उतरायला लागले. चढताना गाडीनं शंभर खड्डे खाल्ले होते. तेव्हाच कधीतरी तो वास आला होता, परातीतला, सडक्या बोंबलाचा. मला वाटलं नाकात बसलाय.

सातव्या वळणावर म्हशी होत्या. वळण संपता संपता एकदम समोर, आठ-दहा, रस्ता भरून, आणि त्यांच्यामागं काठी खांद्यावर टाकलेला एक म्हातारा धनगर. मी मागचा ब्रेक मारला. चाक खडीवर घसरायला लागलं. मग हातानं आपलं काम आपोआप केलं आणि पुढचा ब्रेक दाबला गेला. दांडी नेहमीसारखी घट्ट लागली. पण चाक थांबेना. लोण्याला चिमटा लावल्यासारखं ते सुळसुळत पुढं चाललं. मी गाडी डोंगराच्या अंगाला टाकली, मुद्दाम टाकली, कारण दुसऱ्या अंगाला टाकायला जागा नव्हती.

उजवा गुडघा आणि दोन्ही तळवे खडीत सोलले. हेल्मेट दगडावर आदळलं. म्हशी उभ्या राहून बघत होत्या.

म्हातारा धावत आला. "बाईसाब! लई लागलं का वं?"

"नाही. गाडी उचला जरा."

आम्ही दोघांनी गाडी उभी केली. म्हातारा पुढं वाकला आणि त्यानं नाक मुरडलं. "आगं आयायाय! पुढनं सगळं त्याल गळाय लागलंय की. चाकाव उतारलंय. हारात काय बांधलंय म्हनायचं ह्ये?"

मी खाली बघितलं. डिस्कच्या बाजूचा हार तुटून लोंबत होता. झेंडू पिवळे राहिलेच नव्हते. काळे, चिकट, जळक्या भज्यासारखे. आणि त्या काळ्या फुलांखालून, शॉकअपच्या पाइपाला गुंडाळलेलं, दोऱ्यानं आवळलेलं, तेल पिऊन फुगलेलं काहीतरी डिस्कवर येऊन टेकलं होतं.

मी ओळखलं. बाईला ते ओळखायला वेळ लागत नाही.

"फडकं आहे," मी म्हाताऱ्याला म्हणाले. "पुसायचं."

"पानी आणतो," म्हणून तो झऱ्याकडं गेला. मी रस्त्यावर बसले आणि सोललेल्या हातांनी तो दोरा तोडला.

माझ्या पाकिटातलं पॅड होतं ते. पेटीच्या मागं, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी जिथं ठेवायची तिथून त्यानं काढून आणलं होतं. ह्या माणसाला एकदा मी तापानं फणफणत असताना दुकानातून पाकीट आणायला सांगितलं होतं, तर तो म्हणाला होता, "असली कामं मला सांगायची न्हाईत." मी पाच दिवस ज्या बादलीला हात लावायची ती बादली तो लाथेनं सरकवायचा. आणि देवाचं नाव घेऊन, हळद-कुंकू वाहून, मला दहा हात लांब उभी करून, त्यानं झेंडूच्या हाराखाली माझं पॅड बांधलं होतं. तेल दिसू नये म्हणून.

त्या क्षणी मला राग आला नाही. राग फार नंतर आला. पहिली आली ती किळस. तेलाची नव्हे, पॅडची तर नव्हेच, ते बिचारं कोरं होतं, नवं होतं. किळस आली ती त्याच्या बोटांची. चोरून पेटीमागं शिरलेल्या, दोरा आवळणाऱ्या त्या बोटांची. आणि मग एकेक आठवायला लागलं. हार काढू नको. पुढचा ब्रेक दाबू नको. पहाटे उठून सांगितलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. कुठून गळणार, कुठं उतरणार, कुठला ब्रेक लागणार नाही, सगळं माहीत होतं. तो मला जपून जा म्हणत नव्हता. तो आपलं झाकून ठेव म्हणत होता.

'जमलं नाही' हे दोन शब्द म्हणायचे होते. मी एसटीनं गेले असते.

पण ह्याच्यापुढं मी जे केलं ते सांगायला मला जास्त जड जातं. म्हातारा परत यायच्या आत मी ती घाण हारासकट उचलली, कडेच्या मातीत खड्डा केला, त्यात कोंबली आणि वर धोंडा ठेवला. का? तर कुणाला दिसू नये म्हणून. माझ्या नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून. गुडघ्यातून रक्त गळत होतं आणि मी त्याची अब्रू पुरत होते.

उरलेली चार वळणं मी गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाय घासत उतरवली. सपाटीवर आल्यावर हळूहळू चालवत थेट दस्तगीरच्या दुकानात नेली. दसऱ्याला त्याच्याकडं गर्दी असते, पण माझा गुडघा बघून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. आधी स्टूल दिलं, मग पाणी, मग त्याच्या भाचीला दवाखान्यातून नर्सबाईला बोलवायला पाठवलं. नर्सबाईनं पट्टी बांधेपर्यंत त्यानं चाक काढून शॉकअप उघडला होता.

"कुनी केलं हो ह्ये काम?"

"घरी केलं."

सील माझ्यापुढं धरून तो हळूच म्हणाला, "त्या अंगाचं नवं हाय, पर उलटं बसिवलंय. स्प्रिंगची बाजू खाली पायजे. ते एक असू दे, माणूस चुकतो. पर ह्या डिस्कच्या अंगाचं बघा. ह्ये जुनंच हाय. गेलेलं. परत घातलंय."

"नवीन जोडी आणली होती."

"मग दुसरं ठोकताना फाटलं असंल. सवय नसली की फाटतंय, माझ्याबी हातनं फाटल्यात पैली पैली." त्यानं जुनं सील फडक्यावर ठेवलं. "म्याडम, फाटणं ही चूक झाली. पर जुनं परत घालताना मानसाचं डोळं उघडंच असत्यात."

मग तो पाइप पुसायला लागला आणि थांबला. पाइपाला ओला कापूस चिकटला होता. पांढरा होता, आता काळा. त्यानं चिमट्यानं एक धागा ओढला. त्याच्याबरोबर जाळीदार कापडाची एक बारीक पट्टी आली. दस्तगीरला तीन मुली. त्यानं ते बघितलं आणि माझ्याकडं अजिबात बघितलं नाही. कागदात गुंडाळलं, कचऱ्यात टाकलं आणि म्हणाला, "डिस्क साबणानं धुतो. पॅडं नवीच टाकावी लागतील, तेल प्यायल्यात." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्या साठीच्या माणसाचे कान लाल झाले. "म्हंजे ब्रेकची," तो म्हणाला, आणि भाचीवर उगीच ओरडला.

ती लाज त्याला वाटायची काही गरज नव्हती. ज्याला वाटायला हवी तो घरी बसून व्हिडिओला किती लोकांनी अंगठा दिला ते मोजत होता.

तीन वाजता मी घरी आले. अंगणात आत्या शेजारणीला आपट्याचं पान देत होत्या, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." रणधीर पायरीवर होता. मला बघून उठला. माझी पँट गुडघ्यापासून फाटलेली, पट्टीतून रक्त उमटलेलं, दोन्ही हात बांधलेले.

"हार कुठाय?" त्यानं विचारलं.

"तुटला. पडले मी. सातव्या वळणावर, ब्रेक लागला नाही."

तो भराभरा जवळ आला आणि वाकला. मला वाटलं गुडघा बघायला वाकतोय. देवाशपथ सांगते, एवढं सगळं होऊनही मला तसं वाटलं, आणि मी पट्टी दिसावी म्हणून पाय थोडा पुढंही केला. तो शॉकअपपाशी वाकला होता. पाइपावरून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

"दस्तगीरकडं नेलीस?"

"हो."

"उघडलं त्यानं?"

"उघडलं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. आत्यांकडं एकदा बघून त्यानं आवाज खाली आणला. "ते... आत बांधलेलं. ते बघितलं त्यानं?"

मी हो म्हणू शकले असते. दस्तगीरनं बघितलं, आणि तुझ्यापेक्षा त्याला जास्त लाज वाटली, असं सांगू शकले असते. पण मला बघायचं होतं. नाही म्हटल्यावर हा माणूस काय करतो, ते मला एकदाच, नीट, बघून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी डोंगरावरच काढून पुरलं. कुणी बघितलं नाही."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की तो माझ्या तोंडावर लागला. चेहऱ्यावर रंग परत आला. लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही तो इतका सुखावलेला मी बघितला नव्हता. पाच दिवस मला शिवायचं नसतं हे विसरून त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "हुशार हाईस." आणि आत जाता जाता, "आईला म्हण, घसरून पडलीस. खडी हुती."

मी परसातल्या नळावर जाऊन त्याची थाप पडलेला खांदा धुतला. बांधलेल्या हातांनी, कोपरानं नळ सोडून धुतला. गणवेश पार भिजला. आत्या ओरडल्या, "काय करतीस गं?" मी म्हणाले, "विटाळ झाला होता."

सोमवारी ऑफिसात जाऊन मी केळोबाच्या नाक्यावरची वनखात्याची खोली मागितली. ती चार वर्षं रिकामी पडली होती, तिथं कुणी राहायला तयार नव्हतं. साहेबांनी विचारलं, "एकट्या राहाल?" मी हो म्हणाले. भावकी बसली, मामा आले, माझा भाऊ आला. एका मोटारसायकलीवरून नवरा सोडतात होय, असं म्हणून लोक हसले. कारण मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे, कारण एवढी वर्षं गप्प बसून मी त्याचंच काम करत होते, हे मला उशिरा कळलं.

रणधीर नाक्यावर तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, लोक काय म्हणतात. दुसऱ्यांदा म्हणाला, आईला बीपीचा त्रास सुरू झालाय, तू ये. तिसऱ्यांदा तासभर बसला, चहा प्यायला, चॅनल बंद केलं म्हणाला, दुसरं काहीतरी सुरू करणार आहे म्हणाला. चहा द्यायला मी उठले तेव्हा भिंतीला हात लावून उठले, कारण गुडघा अजून नीट वाकत नाही. त्यानं बघितलं.

गुडघ्याचं त्यानं तेव्हाही विचारलं नाही.